कंपनीचं बिल जकातीतून का भरायचं?

आमच्या मोहल्ल्यातल्या ट्रस्टचा वैद्यकीय मदतीचा फॉर्म मी बनवलाय. इंजिनिअर आहे म्हटल्यावर अशी कामं आपोआप गळ्यात पडतात. आधी कागदाचा फॉर्म होता, वरती बिस्मिल्ला, खाली शिफारस करणाऱ्याची सही. मी त्याची एक्सेल शीट केली, मग मोबाईलवर भरता येईल असा केला. नाव, वय, आजार, हॉस्पिटल, बिल किती, कमी किती पडतात. दर रविवारी जोहरनंतर आम्ही चार-पाच जण बसतो, अर्ज वाचतो आणि कोणाला किती द्यायचे ते ठरवतो. रमजानच्या आसपास पैसे बऱ्यापैकी असतात, नंतर नंतर हात आखडता घ्यावा लागतो.

गेल्या वर्षी मी त्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला: 'काम कोणासाठी करता?' 'व्यवसाय' हा रकाना आधीपासून होताच, पण त्यात लोक 'मजुरी', 'ड्रायव्हर', 'प्रायव्हेट नोकरी' असं काहीही लिहायचे. मला मालकाचं नाव हवं होतं. समितीतले एक चाचा म्हणाले, "बेटा, माणूस गरजू आहे एवढं पुरे नाही का? मालकाची चौकशी करून आपल्याला काय करायचंय?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. ते आता देतोय.

रकाना भरायला लागला तेव्हा मला वाटलं होतं की हातगाडीवाले, भंगारवाले, गॅरेजमधली पोरं, घरकाम करणाऱ्या बायका दिसतील. त्या दिसल्याच. पण त्यांच्यासोबत अशा कंपन्यांची नावं यायला लागली, ज्यांच्या जाहिराती आपण क्रिकेटच्या दोन ओव्हरच्या मधे बघतो. जेवण पोचवणारी कंपनी, दहा मिनिटांत किराणा आणणारी, पार्सलवाली, टॅक्सीवाली. मॉल आणि आयटी पार्कमधले सफाई कामगार आणि सिक्युरिटी गार्ड, ज्यांच्या शर्टावर कंत्राटदाराचं नाव असतं आणि मागच्या इमारतीवर भलत्याच कंपनीचं. म्हणजे ही माणसं बेकार नव्हती. रोज दहा-बारा तास राबत होती, आणि देशातल्या मोठमोठ्या कंपन्यांसाठी राबत होती. तरी आजारपण आलं की सरकारी योजनेच्या काउंटरवर, आणि तिथं भागलं नाही की आमच्याकडे.

त्यातला एक अर्ज माझ्या खालाच्या मुलाचा होता.

तो पुण्यात जेवण पोचवायचं काम करतो. रात्री साडेदहाच्या सुमारास एक ऑर्डर देऊन परत येत होता. पुढची ऑर्डर मिळायची तर हॉटेलांच्या भागात परत यावंच लागतं, लोकांच्या सोसायटीखाली उभं राहून ऑर्डर मिळत नाही. कात्रज-कोंढवा रस्त्यावर टेम्पोनं ठोकलं. मांडीचं हाड मोडलं. आम्ही त्याला योजनेतल्या हॉस्पिटलात हलवलं, आरोग्यमित्राच्या टेबलावर रेशनकार्ड दिलं आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन झालं. रॉड टाकला. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढं जे म्हणणार आहे त्याचा अर्थ 'सरकारी योजना वाईट' असा कोणी लावू नये. ऑपरेशनचा एक रुपया घेतला नाही आणि डॉक्टरांनी काम चांगलं केलं. ती योजना नसती तर खालाचं घर विकलं गेलं असतं.

पण योजना हॉस्पिटलच्या दारापर्यंत असते. घरी गेल्यावर काही दिवसांची औषधं, की संपलं. त्यानंतर तो चार महिने घरी होता. फिजिओथेरपीला रिक्षानं जायचं, गाडीचा हप्ता चालूच, खोलीचं भाडं चालूच, दोन लहान मुलं. महिन्याला पेट्रोल वजा जाता त्याच्या हातात साधारण अठरा हजार यायचे, ते बंद. खालानं बांगड्या मोडल्या. मग तिनं मला न विचारता, ट्रस्टचा फॉर्म शेजारच्या मुलाकडून भरून घेतला. मी रविवारी अर्ज वाचत होतो आणि समोर तिचं नाव आलं. तो रविवार मी विसरणार नाही.

कंपनीनं काय दिलं? अपघात विमा होता. पण तो 'ऑर्डरवर' असताना. ऑर्डर स्वीकारल्यापासून ती गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत. हा तर ऑर्डर देऊन परत येत होता. अ‍ॅपच्या लेखी त्या वेळी तो 'रिकामा' होता. तब्येत लवकर बरी होवो असा मेसेज आला, आणि बरेच दिवस लॉग-इन नाही म्हणून काही आठवड्यांनी खातं बंद झाल्याचाही.

इथं मला माझ्याबद्दल एक सांगायला हवं. आधीच्या नोकरीत मी अशाच एका, दुसऱ्या, डिलिव्हरी कंपनीच्या अ‍ॅपवर काम केलंय. डिलिव्हरीवाल्याच्या तीन अवस्था असायच्या: ऑफलाइन, रिकामा, ऑर्डरवर. कुठल्या मिनिटाला विमा चालू आणि कुठल्या मिनिटाला बंद, हे त्या अवस्थेवरून ठरायचं. तो कोड माझ्या टीमनं लिहिला, त्याच्या टेस्ट मी लिहिल्या. 'ऑर्डर पूर्ण झाली, विमा बंद झाला पाहिजे' अशी एक टेस्ट होती. ती पास झाली की स्क्रीनवर हिरवी खूण यायची आणि आम्ही चहाला जायचो. त्या वेळी माझा स्वतःचा, बायकोचा, अम्मी-अब्बांचा मेडिक्लेम कंपनी भरत होती, आणि मी दिवाळीत झोपलेलो असलो तरी तो बंद होत नव्हता.

तर माझं म्हणणं असं आहे. ज्या माणसाच्या श्रमावर कंपनीचा धंदा चालतो, त्याच्या दुखण्याचा खर्च हा त्या धंद्याचा खर्च आहे. गाडीला पेट्रोल लागतं तसा माणसाला दवाखाना लागतो. तो खर्च कंपनीनं केला नाही म्हणून तो नाहीसा होत नाही, कोणाच्या तरी माथी बसतो. खालाच्या मुलाच्या बाबतीत तो राज्य सरकारच्या तिजोरीवर बसला, मग बांगड्यांवर, मग तुमच्या-माझ्या जकातीवर. कंपनीच्या ताळेबंदात त्याला बचत म्हणतात. मी त्याला अनुदान म्हणतो. गरिबाच्या नावानं निघतं आणि कंपनीच्या खिशात पडतं.

मराठीत जकात या शब्दाचे दोन अर्थ आहेत, हे आपण मराठी मुसलमानच गमतीनं सांगत असतो. एक आपण अल्लाहच्या नावानं काढतो ती. दुसरी पूर्वी गावाच्या नाक्यावर ट्रक अडवून वसूल व्हायची ती. आम्ही पहिल्या अर्थानं देतोय आणि वर कोणीतरी दुसऱ्या अर्थानं वसूल करतोय. जकातीचे आठ हकदार मदरशात पोरांकडून पाठ करून घेतात. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी त्या आठांत नाही.

ही चलाखी आपल्याकडे जन्मली असं नाही. अमेरिकेत ती बरीच आधी पकडली गेली. तिथं गरिबांसाठी मेडिकेड नावाची सरकारी आरोग्य योजना आहे. २००५ मध्ये वॉलमार्ट या अवाढव्य दुकानसाखळीचं संचालकांसाठी लिहिलेलं एक अंतर्गत टिपण बाहेर आलं. आपल्या कामगारांची ४६ टक्के मुलं एकतर मेडिकेडवर आहेत किंवा त्यांना विमाच नाही, हे त्यात कंपनीनं स्वतः मान्य केलं होतं. आणि आजारी माणसं नोकरीला येऊच नयेत म्हणून एक उपाय सुचवला होता: प्रत्येक कामात थोडी अंगमेहनत घाला, म्हणजे कॅशियरलाही सामानाच्या ट्रॉल्या गोळा करायला लावा. पुढं ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकी संसदेच्या हिशेब तपासणाऱ्या कार्यालयानं अहवाल दिला. मेडिकेडवर असलेले सुमारे १ कोटी २० लाख प्रौढ हे पगार कमावणारे होते. त्यातले जवळजवळ ७० टक्के आठवड्याला ३५ तास किंवा जास्त काम करत होते. ज्या राज्यांनी कंपन्यांची नावं दिली तिथल्या यादीत वॉलमार्ट आणि मॅकडोनाल्ड्स वरच्या ओळींत होत्या. वॉलमार्टनंच २०१८ मध्ये १६ अब्ज डॉलर मोजून फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा घेतला. फ्लिपकार्ट इथं काय करते याबद्दल मी इथं काही म्हणत नाही. एवढंच म्हणतो की या धंद्याला सीमा नाहीत, त्याचे मालक तेच आहेत, तेव्हा आपण भोळं राहून चालणार नाही.

आता आपल्याकडे या. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी जाहीर केलं की ऑनलाइन कंपन्यांसाठी काम करणाऱ्या गिग कामगारांना ओळखपत्र मिळेल, ई-श्रम पोर्टलवर नोंदणी होईल आणि प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेतून उपचार मिळतील. सुमारे १ कोटी लोकांना फायदा. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लोकांनी फुलं टाकली. मीही अंगठा दाखवला असेन. पण नंतर भाषणातला तो परिच्छेद पुन्हा वाचला. त्यात कंपन्यांनी किती पैसे भरायचे याचा एक शब्द नाही. ती योजना केंद्र आणि राज्य यांच्या तिजोरीतून चालते, साधारण ६० ला ४० या प्रमाणात. म्हणजे डिलिव्हरीवाला मोबाईलच्या रिचार्जवर १८ टक्के जीएसटी भरणार, तो जीएसटी तिजोरीत जाणार, त्या तिजोरीतून त्याच्याच कार्डाचे पैसे निघणार, आणि तो रिचार्ज कंपनीचं अ‍ॅप चालवण्यासाठी मारलेला. कंपनी या चक्रात कुठंय? ती रस्त्याच्या कडेला उभी राहून टाळ्या वाजवतेय.

याहून बरं काही शक्य नव्हतं असं कोणी म्हणत असेल तर त्याला इतिहास माहीत नाही. १९४४ मध्ये प्रा. बी. पी. आडारकरांनी कारखान्यातल्या कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला. त्या वेळी व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. त्या अहवालातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला, संविधान लागू व्हायच्याही आधी. आपण ज्याला ईएसआय म्हणतो तो हा. त्याचं तत्त्व साधं आहे: कामगार थोडे भरेल, मालक जास्त भरेल, आणि आजारपणात कामगार हात पसरणार नाही, हक्कानं घेईल. जुलै २०१९ पासून मालकाचा वाटा पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के आहे. पंधरा हजार पगार असेल तर मालकाचे ४८७ रुपये ५० पैसे, कामगाराचे ११२ रुपये ५० पैसे. दोन्ही मिळून महिन्याला सहाशे.

या सहाशे रुपयांत काय येतं ते बघा, म्हणजे सरकारी कार्ड आणि ईएसआय यातला फरक कळेल. कामगार आणि कुटुंब दोघांनाही दवाखाना, आणि तोही फक्त भरती झाल्यावर नाही. साध्या तापाचं औषधसुद्धा. आजारी पडून घरी राहिलात तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार, अट एवढीच की आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांचा वाटा भरलेला हवा. बाळंतपणाला २६ आठवडे पूर्ण पगार. आणि कामावर अपघात झाला तर बरं होईपर्यंत ९० टक्के पगार. २०१० मध्ये त्यात दुरुस्ती झाली: घरून कामाला जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघातही, कामाशी संबंध दिसत असेल तर, कामावरचा अपघात धरायचा.

हे वाचताना मी थांबलो. १९४८ च्या सरकारी कायद्याला घरून कामावर जाणारा माणूस कामगार वाटतो. आम्ही लिहिलेल्या कोडला ऑर्डर देऊन वळलेला माणूस दुसऱ्या सेकंदाला कोणीच वाटत नाही.

अठरा हजारांचे ९० टक्के म्हणजे १६,२००. चार महिन्यांचे ६४,८००. खालाच्या बांगड्या त्याहून कमी किमतीत गेल्या.

"पण तो कर्मचारी नाही, पार्टनर आहे," असं मला ऑफिसातले मित्र सांगतात. पार्टनर? मग त्याला भाव ठरवता येतो का? कुठल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणता येतं का? नाही म्हटलं की रेटिंग कुणाची पडते? नफ्यात त्याचा हिस्सा किती? माझ्या अब्बांचं मिरजेत भागीदारीत सायकलचं दुकान होतं. पार्टनर काय असतो ते मला माहीत आहे, दोघं हिशेबाच्या वहीवर भांडायचे. इथं वही कंपनीकडे, आणि पार्टनरला ती बघायचीही मुभा नाही.

आणि कंत्राटी कामगारांच्या बाबतीत तर ही पळवाटसुद्धा नाही. कायद्यानं मुख्य मालकावर जबाबदारी टाकलेली आहे: कंत्राटदारामार्फत घेतलेल्या माणसाचाही ईएसआयचा वाटा आधी मुख्य मालकानं भरायचा, मग कंत्राटदाराकडून वसूल करायचा. आमच्या ऑफिसचा मजला पुसणारी बाई, दारावरचा गार्ड, यांना हे लागू होतं. प्रत्यक्षात काय होतं? कंत्राटदार बदलतो, जुन्यानं वाटा भरलाच नव्हता हे आजारपणात कळतं. पगारातून कापलेले असतात, पोचलेले नसतात. किंवा माणूस पगाराच्या मर्यादेबाहेर जातो. ती मर्यादा जानेवारी २०१७ मध्ये २१,००० झाली आणि पुढं कितीतरी वर्षं तिथेच थांबली. भाडी वाढली, तेल वाढलं, दूध वाढलं, मर्यादा नाही. बावीस हजार मिळवणारा गार्ड कायद्याच्या नजरेत इतका श्रीमंत की त्याला ईएसआयची गरज नाही, आणि कंपनीच्या नजरेत इतका परका की त्याला मेडिक्लेम नाही. मग तो कुठं येतो? रविवारी, जोहरनंतर.

ईएसआयचे दवाखाने कसे आहेत हे मला माहीत नाही असं समजू नका. रांगा आहेत, औषधं मिळत नाहीत, एका कागदासाठी तीन फेऱ्या. खरं आहे. पण ज्या दवाखान्यात माझ्या वाट्याचे पैसे आहेत तिथं मी भांडू शकतो. दानाच्या दारात माणूस भांडत नाही, मान खाली घालतो. मी दर रविवारी त्या माना बघतो.

आता एक सावधगिरीची गोष्ट, कारण आपल्यातले उत्साही लोक लगेच म्हणतील, ज्या कंपनीचे कामगार सरकारी कार्डावर दिसतील तिला दंड लावा. अमेरिकेत हे करून झालंय. मेरीलँड राज्यानं २००६ मध्ये कायदा केला की दहा हजारांहून जास्त माणसं ठेवणाऱ्या कंपनीनं पगाराच्या ८ टक्के आरोग्यावर खर्च करावेत, नाहीतर फरक सरकारला द्यावा. तो त्याच वर्षी कोर्टात पडला, २००७ मध्ये अपिलातही पडला. मॅसॅच्युसेट्सनं २०१८ आणि २०१९ ही दोन वर्षं, सरकारी योजनेवर असलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाकडून ७५० डॉलरपर्यंत घेतले. ऐकायला छान वाटतं. पण जरा विचार करा, माणामागे दंड लावला तर मालक काय करेल? पगार वाढवेल, की ज्याच्यामुळे दंड बसेल असं वाटतं त्याला नोकरीच देणार नाही? ज्याच्या घरात खाणारी तोंडं जास्त, जी एकटी आई आहे, ज्याचा पत्ता अमुक वस्तीतला आहे. मुंब्रा, गोवंडी, कोंढवा असा पत्ता सांगितल्यावर मुलाखतीत समोरच्याचा चेहरा कसा बदलतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको. त्यात अजून एक कारण भरायचं नाही.

दुसरा धोका याहून मोठा. 'धडधाकट माणसं सरकारी पैशावर उपचार घेतात' हे वाक्य एकदा चालू झालं की ते कंपनीवर कधी पडत नाही, गरिबावर पडतं. अमेरिकेत तेच झालं. जुलै २०२५ मध्ये ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्यानं मेडिकेडवरच्या अनेक प्रौढांना महिन्याला ८० तास काम केल्याचं दाखवायची अट घातली. जी माणसं आधीच राबतात त्यांनी राबल्याचा पुरावा द्यायचा. म्हणून मी पुन्हा सांगतो: कार्ड काढून घ्या असं मी म्हणत नाही. कार्ड राहू दे. महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून फुले योजना सगळ्यांसाठी आहे, पाच लाखांपर्यंत, ती तशीच राहू दे. माझं भांडण बिलाच्या दुसऱ्या बाजूशी आहे. कंपनीनं आपला वाटा प्रत्येक कामगारामागे, सरसकट, पगाराच्या किंवा कमाईच्या प्रमाणात आधीच भरावा, मग तो कामगार गरीब असो, एकटा असो, आजारी पडो न पडो.

त्यासाठी नवा कायदा मागायचीही गरज नाही. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये मंजूर झाली आणि पाच वर्षं फडताळात पडून, २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली. तिच्या कलम ११४ प्रमाणे ऑनलाइन कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के गिग कामगारांच्या सुरक्षेसाठी द्यायचे आहेत, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांहून जास्त नाही. ईएसआयचे दोन्ही वाटे मिळून चार टक्के होतात. आणि कलम ४५ सांगतं की केंद्र सरकार गिग कामगारांसाठी ईएसआयचे लाभ देणारी योजना आखू शकेल. 'आखू शकेल.' 'आखेल' नाही. आम्ही कोड लिहिणारे लोक अशा शब्दांवर नोकरी करतो: 'शकेल' म्हणजे कोणीतरी मागं लागल्याशिवाय होणार नाही. राजस्थाननं २०२३ मध्ये आणि कर्नाटकानं २०२५ मध्ये स्वतःचे कायदे करून कंपन्यांवर शुल्क बसवलं. तिथं कामगारांच्या संघटना मागं लागल्या होत्या.

"भाव वाढतील," हा शेवटचा आक्षेप, आणि तो बहुतेक माझ्यासारखेच लोक घेतात, रात्री बिर्याणी मागवणारे. वाढू देत. आज ती बिर्याणी स्वस्त नाही, तिचे पैसे आपण तीन ठिकाणी देतो: अ‍ॅपवर, करातून आणि रमजानमध्ये. फक्त अ‍ॅपवर दिले तर निदान बिल खरं असेल.

आपल्या लोकांबद्दलही थोडं बोलतो, राग आला तरी चालेल. आपल्याला मदत वाटायला आवडतं. वाटण्यात सवाब आहे आणि फोटोही येतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या भागात आरोग्य कार्ड काढून द्यायचं शिबिर झालं. चांगलं शिबिर होतं, मीही लॅपटॉप घेऊन बसलो होतो. मंडपाच्या मागं बॅनर होतं आणि त्यावर प्रायोजक म्हणून एका मोठ्या कंपनीचं नाव, सीएसआरमधून. रांगेत तिच्याच रंगाचे टी-शर्ट घातलेली चार-पाच पोरं उभी होती. कामगार म्हणून ज्यांचा वाटा भरायचा नाही, त्यांच्यासाठी 'समाज' म्हणून मंडप घालायचा. आमच्या लोकांनी त्या कंपनीच्या साहेबांना शाल घातली. मी टाळ्या वाजवल्या. माझा हात पुढं का आला नाही, माईक का मागितला नाही, याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

म्हणून तो रकाना. चाचांना मी पुढच्या रविवारी एवढंच सांगितलं: मदत थांबवायची नाही, अर्जदाराला एकही जास्तीचा प्रश्न विचारायचा नाही. पण ज्या अर्जात मालकाचं नाव आहे, त्या रकमेचं एक पत्र, अर्जदाराचं नाव न टाकता, त्या मालकाला पाठवायचं. तुमच्यासाठी काम करणाऱ्या एका माणसाच्या उपचारावर आमच्या ट्रस्टनं इतके रुपये खर्च केले, ते तुम्ही द्यावेत. एक प्रत कामगार आयुक्तांच्या कार्यालयाला. चाचा बराच वेळ शीटकडे बघत होते. मग म्हणाले, "पैसे येणार नाहीत." मी म्हटलं, नाही येणार. "मग?" मी म्हटलं, कागद राहील.

ते हसले आणि म्हणाले, "बरं, पण पत्ता कोणाचा घालायचा?" खालाच्या मुलाचा फोन घेऊन आम्ही शोधलं. तीन वर्षं काम केलेल्या माणसाला आपल्या कंपनीचा पत्ता माहीत नव्हता. हेल्पलाइन होती, चॅट होतं, पत्ता नव्हता. शेवटी अटी आणि शर्तींच्या अगदी तळाशी सापडला, दुसऱ्या राज्यातला. पहिली सात पत्रं स्पीड पोस्टानं गेली आहेत. पोचल्याच्या नोंदी आल्या आहेत, उत्तरं आलेली नाहीत. पत्राचा मसुदा आणि फॉर्म दोन्ही मराठी आणि इंग्रजीत तयार आहेत; तुमच्या गावच्या ट्रस्टला किंवा जमातीला हवे असतील तर संपादकांकडे माझा नंबर आहे.